नालेची अंगठी

गिरधरनं ग्राइंडरचा खटका दाबला, तसा रुपचंदनं हात झटकन मागे ओढला.

"आजून लायं बी नही," गिरधर म्हणाला. "हात ठेव आठे."

रुपचंदनं हात पुन्हा लाकडी ठोकळ्यावर ठेवला. हवेवर चालणारं ते हत्यार जेमतेम वीतभर, मुठीत मावणारं. पण टोकाची चकती फिरायला लागली की अशी किंचाळायची, की शेजारच्या झुंबरबाईच्या शेळ्या दावं ताणायच्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिरधर याच हत्यारानं साचे घासायचा, पंपांचे भाग गुळगुळीत करायचा. सगळ्या पारोळ्यात असं बारीक काम करणारा तो एकटाच, म्हणून तर रुपचंदला त्याच्या दारात यावं लागलं होतं.

सकाळी गांधीलमाशी चावली आणि रुपचंदचं मधलं बोट वांग्यासारखं टम्म झालं. बोटात काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी होती, शनीसाठी घातलेली. ती मांसात रुतून बसली. सोनाराकडे गेला, तर त्याची कातरी लोखंडावर चालेना.

"डाक्टर म्हने, गिरधरकडे जाय. उशीर व्हयना ते बोट काढनं पडई," रुपचंद म्हणाला. त्याचा आवाज पार खाली आला होता. "गिरधरभाऊ, मी तुना पाय धरस."

गिरधरला आनंद झाला, हे लपवण्यात काही अर्थ नाही. या माणसाचं काही ना काही आपल्या हातात यावं, एवढंच तो नऊ वर्षं देवाकडे मागत होता. देवानं नेमकं बोट दिलं.

एक्क्याऐंशी साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, गिरधर तेव्हा फिटर होता त्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर त्याची पिशवी तपासली गेली होती. जेवणाच्या डब्यात भाकरीच्या फडक्याखाली सहा नव्या बेअरिंगा निघाल्या. तपासणारा फोरमन रुपचंद, साक्षीला त्याचाच वॉचमन. उंदराला मांजर साक्ष! दुसऱ्या दिवशी गिरधर घरी बसला आणि आठ दिवसांत रुपचंदचा साडू फिटर म्हणून कामावर लागला. पुढं गावातली पोरंसुद्धा गिरधरला 'बेरिंगभाऊ' म्हणायला लागली. तो कुणाशी भांडला नाही. जळगावच्या भंगारातून एक जुना कॉम्प्रेसर आणि हे हत्यार आणून त्यानं घरीच काम मांडलं.

आज त्याला कसलीच घाई नव्हती. त्यानं कॉम्प्रेसरच्या टाकीतलं साचलेलं पाणी काढलं. रबरी नळीत तेलाचे चार थेंब सोडले. चकती काढली, पुसली, पुन्हा बसवली. हे सगळं करावंच लागतं. पण एरवी दोन मिनिटांत उरकणाऱ्या कामाला आज त्यानं पाव तास लावला. वर एक जाड बोल्ट घेऊन रुपचंदच्या डोळ्यांदेखत कापून दाखवला. ठिणग्या उडाल्या, बोल्टचे दोन तुकडे ठणकन खाली पडले. रुपचंदनं डोळे मिटून घेतले.

"कधी घाली हाई अंगठी?" गिरधरनं विचारलं.

"नऊ वरीस व्हयनात."

"शनी बराच दिवस बसना म्हना."

रुपचंद सुजलेल्या बोटाकडे बघत राहिला.

"शेवंता, पानी आन," गिरधरनं घराकडे तोंड करून हाक मारली.

शेवंताबाई तांब्या आणि बादली घेऊन आली. रुपचंदला पाहून ती उंबऱ्यातच थबकली, मग डोक्यावरचा पदर नीट करून ठोकळ्याशी येऊन बसली. ती तशी फार बोलणारी नव्हतीच. बेअरिंगांचा विषय तर नऊ वर्षांत तिनं एकदाही काढला नव्हता. लोक टोचून बोलले, तिनं ऐकून घेतलं. माहेरचं येणंजाणं तुटलं, तरी नवऱ्याला एका शब्दानं काही विचारलं नाही. गिरधरला याचं मोठं कौतुक होतं. बायको असावी तर अशी, असं तो मनात म्हणायचा. तिची खोड एकच, स्वच्छतेची. तो बाजारातून आला की ती त्याची पिशवी हातातून घ्यायची, अंगणात उलटी करून झटकायची आणि मगच खुंटीला अडकवायची.

"धार तुटू देऊ नको," गिरधरनं तिला सांगितलं. "लोखंड तापस."

विजेवरचं हत्यार असतं, तर असं पाणी ओतायची सोय नव्हती. हवेवरच्याला शॉकची भीती नाही. गिरधरनं डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी खोबरेल लावून अंगठी आणि कातडी यांच्यामध्ये हळूहळू सरकवली. रुपचंद कण्हला. मग चकती लोखंडाला लागली.

पहिला काप व्यवस्थित गेला. हात जरा खाली दाबला असता तर पट्टीसकट बोट गेलं असतं, आणि गिरधरला ते दाबावंसं वाटलंही. 'चकती सटकनी,' एवढं म्हटलं की झालं. कोण विचारणार होतं? पण हात ऐकेना. वीस वर्षं सुतभराचा हिशेब सांभाळलेला हात, तो आज कुणाच्या रागापायी वाकडा जाईना. त्याला स्वतःचीच चीड आली.

अंगठी जाड होती. एका कापानं ती फाकेना. त्यानं ठोकळा फिरवला, पट्टी पलीकडून घातली आणि दुसरा काप धरला.

निम्मा काप झाला असेल, तेवढ्यात पाण्याची धार थांबली.

"पानी टाक," गिरधर म्हणाला.

शेवंताबाईनं भरलेला तांब्या मांडीवर ठेवला. ती रुपचंदकडे बघत होती.

"रुपचंदनाना, त्या बेरिंगा यास्ना डबामा कोनी ठेव्यात?"

"वहिनी, आग व्हई ऱ्हायनी..."

"कोनी ठेव्यात?"

गिरधरनं खटका सोडायला हवा होता. त्यानं सोडला नाही. चकती किंचाळत राहिली, अंगठीचा रंग बदलायला लागला. रुपचंदच्या कपाळावरून घाम ओघळला आणि तो ओरडला,

"मीच! मीच ठेव्यात! साडूले लावनं व्हतं, म्हनीन... तुना मानूसनी काही करं नही!"

पाण्याची धार सुरू झाली. वाफ उठली. अंगठी दोन तुकड्यांत मोकळी होऊन बादलीत पडली.

नऊ वर्षं ऐकायला आसुसलेले शब्द ऐकून गिरधरनं विजयानं बायकोकडे पाहिलं. आपल्यासारखाच संताप तिच्याही तोंडावर दिसेल, असं त्याला वाटलं होतं. पण तिनं डोळे मिटले होते. तिनं एक लांब श्वास सोडला, आणि खांद्यावरून भरलेली घागर उतरवावी तसे तिचे खांदे सैल झाले.

ती सुटली होती. कशातून सुटली, ते कळायला गिरधरला थोडा वेळ लागला.

रुपचंद बोट कवटाळून उठला. "जिनिंगना फाटकवर सांगसू, बठ्ठास्ना देखत सांगसू," असं काहीबाही पुटपुटत तो गेला. गिरधरनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"शेवंता, तुले बी वाटे का, चोरी मीच करी?"

ती बादली उचलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"च्या ठेवू का?" ती म्हणाली.

गिरधर उत्तर न देता पिशवी घेऊन बाजारात गेला. काही काम नव्हतं. बसस्टँडवर दोन विड्या ओढल्या, उगाच भटकला आणि दिवेलागणीच्या आत परत आला. शेवंताबाई दारात आली. तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, न झटकता, तशीच खुंटीला अडकवली. वर हलकंसं हसली.

गिरधरनं चपला काढल्या नाहीत. तो खुंटीपाशी गेला. पिशवी काढून अंगणात आणली, तिच्यासमोर उलटी केली आणि तिच्या पायाशी झटकली. एकदा, दोनदा, तीनदा.

लोखंडाचा थोडा कीस पडला, आणि एक विडीचं थोटूक. दुसरं काही निघालं नाही.

"देखी ले," तो म्हणाला.