खंडेनवमीचा ओला नारळ

आनंदरावांच्या मानपाड्यातल्या वर्कशॉपात नारळ फोडल्याशिवाय साधं ड्रिल मशीनही कधी सुरू झालेलं नाही. आणि त्यांचीच लेक म्हणे खंडेनवमीच्या दिवशी नव्या पंपाला नारळ नको! झेंडूची तोरणं लागलेली, शेजारपाजारचे कारखानदार पेढ्यांची वाट बघत उभे, आणि हेमांगी पंपाच्या खोलीच्या दारात आडवी.

त्या पंपासाठी तिने जिवाचं रान केलेलं. देशात एक नवी चाचणी अणुभट्टी उभी राहायची होती. पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्यांचं इंधन आणि धातू तिच्यात घालून पारखायचे. असल्या भट्टीला थंड ठेवायला पाणी चालत नाही, वितळलेलं सोडियम फिरवावं लागतं. ते फिरवणारा पंप हेमांगीने बनवलेला. आज तो पहिल्यांदा गरम सोडियमवर चालायचा होता आणि दुपारी संशोधन केंद्राचे लोक बघायला येणार होते. चालला तर काम मानपाड्याला, नाहीतर इतकी वर्षं पाण्यात.

आता सोडियमचं आणि पाण्याचं हाडवैर. थेंब लागला की आग, आणि ती पाण्याने विझवायला जावं तर स्फोट. म्हणून तिने खोलीतून पाण्याच्या बाटल्यासुद्धा हद्दपार केलेल्या. कामगारांनी ऐकलं, बापाने नाही.

आनंदरावांचा हिशेब सरळ होता. सोडियम पाइपात, पाइप बंद, नारळ बाहेर; चार थेंबांनी काय आभाळ कोसळतं? पाइप गळतो की नाही हेच तर आज बघायचंय, हे हेमांगीने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं. तिच्या आईने, उत्तराबाईंनी, सुक्या खोबऱ्याची वाटी पुढे केली. तीही आनंदरावांना नको. चार लोकांत नाक कापलं जाईल ना साहेबांचं!

"हो बाजूला," आनंदराव म्हणाले. "तुला शिकवलं मी, आणि आता मलाच शिकवतेस?"

बापासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता. वर्कशॉप त्यांचं, हाताला धरून बाहेर काढलं असतं तरी कोण विचारणार होतं? तरी ती हलली नाही.

"फोडायचाच असेल तर माझ्या डोक्यावर फोडा, बाबा. आत पाणी जाणार नाही."

कोणीतरी उगाच खाकरलं. आनंदराव गर्रकन वळले, तरातरा फाटकापाशी गेले आणि दगडावर नारळ असा आपटला की एक करवंटी रस्त्यापलीकडे उडाली. मग परत आले. निदान बटण तरी मीच दाबणार, म्हणाले. बटण आत होतं. मिटलं एकदाचं, म्हणून उत्तराबाईंनी देवाला हात जोडले.

हेमांगीचं लक्ष मात्र बापाच्या हातांकडे होतं. कोपरापर्यंत नारळाचं पाणी ओघळत होतं. एवढा नमला बिचारा, आता तरी सोडावं, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. तिने पुन्हा दारात हात आडवा धरला.

"हात ओले आहेत, बाबा."

आजच्यासाठी मुद्दाम शिवलेल्या रेशमी कुर्त्याला आनंदरावांनी एकेक बोट पुसलं, आणि लहानपणी जेवायला बसताना ती दाखवायची तसे दोन्ही हात उलटेपालटे करून तिच्यापुढे धरले.

हेमांगीने बोटांच्या बेचक्यासुद्धा चाचपून पाहिल्या. मगच ती बाजूला झाली.