न विचारलेला कौल

चैत्राची पहाट सुरंगीच्या रानात परिमळाच्या पावलांनी उतरते. काळोख्या हिरव्या पानांआड, खरबरीत फांद्यांच्या अंगाखांद्यावर मोतीगोल कळ्या दाटतात. पिवळ्याधमक परागांचं इवलं सोनं पाकळ्यांच्या मुठीत घट्ट धरून बसतात. मधमाश्यांचा गुणगुणाट, समुद्राचा दूरस्थ घनगंभीर श्वास, आणि झाडांखाली जुनी लुगडी अंथरून, माना वर करून उभ्या असलेल्या वाडीतल्या बाया. कळी उमलायच्या आत उतरवायची असते.

त्या बायांमध्ये मालन होती. पन्नाशीची, सडसडीत, जिभेने तिखट आणि मनाने लोण्याची. भावजय गेली तेव्हा तिची दुडदुडणारी लेक मालनने पदराखाली घेतली. भाऊ बोटीवर, पाहुण्यासारखा येणारा आणि जाणारा. मग मालनला स्थळं आली, तशीच परत गेली. तिला दुर्वा पुरली.

ती दुर्वा आता अठरा वर्षांची झाली होती. सागरनीलनयना वगैरे मुळीच नव्हे. चांगली काळ्याभोर डोळ्यांची, हट्टी, ओहोटीच्या खडकांतले खेकडे आणि शंख धुंडाळत वाढलेली. अथांग, अंधाऱ्या, सूर्यहीन पाण्यात जे जीव स्वतःचाच दिवा घेऊन फिरतात, त्यांच्या मागे तिला जायचं होतं. ते शिकवणारं एक विद्यापीठ सातासमुद्रापार होतं. हजारो अर्जांतून ते मूठभर मुलं निवडायचं, आणि त्याचं उत्तर आज संध्याकाळी यायचं होतं.

काय सांगावी त्या पोरीची दशा! आमटीत मीठ दोनदा पडलं, चहात एकदाही साखर पडली नाही. सुरंगीच्या कळ्या ओवायला बसली तर सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे. फोन पालथा ठेवायचा, सुलटा करायचा, पुन्हा पालथा. येणारा-जाणारा कुंपणावरून विचारी, ‘‘काय गे, इला काय तुझ्या कॉलेजाचा?’’ आणि दुर्वा नुसती मान हलवी. मालन मात्र अशांना असं काही सुनावत होती की दुपारनंतर कुंपणाकडे कुणी फिरकलं नाही.

पण मालनचंही धड एक मन नव्हतं. तिला वाटे, व्हावं. पोरीचं सोनं व्हावं. आणि लगेच वाटे, ही गेली की या घरात कोणाशी भांडायचं? कोणासाठी तिसऱ्यांदा हाक मारायची, ताट वाढायचं, रुसायचं? व्हावं आणि न व्हावं, जावं आणि न जावं. एका काळजात दोन लाटा, एकीने दुसरीला फोडावं. अशा वेळी गावातलं माणूस जिथे जातं तिथेच ती गेली.

रवळनाथाचं देऊळ उतरत्या उन्हात निवांत पेंगत होतं. गाभाऱ्यात थंड, तेलकट, चंदनगंधी अंधार. बाबल गुरवाने पाषाणमूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, काही उजवीकडे, काही डावीकडे. जी बाजू आधी गळेल तो देवाचा कौल. कोणत्या बाजूचा काय अर्थ धरायचा, हे मागणाऱ्याने आधी सांगायचं, अशी तिथली रीत.

‘‘परदेशातल्या कॉलेजाचा देवाक काय ठावक?’’ बाबल हसला. मग हात जोडून गंभीर झाला. ‘‘बरा, देवान उजवी दिली तर काय धरूचा, मालनबाय? चेडू जातला, की ऱ्हवतला?’’

मालनने पाकळ्यांकडे पाहिलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. ‘जातला’ म्हणावं तर देव ऐकेल. ‘ऱ्हवतला’ म्हणावं तरी देव ऐकेल. समईची ज्योत निश्चल, पाकळ्या निश्चल, बाबल वाट पाहत निश्चल. हलली ती फक्त मालन, एक पाऊल मागे.

‘‘ऱ्हवांदे, बाबल,’’ ती म्हणाली. ‘‘आज इचारू नको. माकाच समजना नाय.’’

आणि मागे वळून न पाहता ती पायऱ्या उतरली.

घरी पोचेतो पश्चिमेला केशराची, कुंकवाची, हळदीची उधळण झाली होती. फणसाखाली दुर्वा उभी होती, फोन डोळ्यांजवळ धरून. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर उजेड उमलत गेला, ओठांपर्यंत आला, आणि तेवढ्यात तिला फाटकात आते दिसली: घामेजलेली, एवढीशी झालेली, दोन्ही हातांनी फाटक धरून उभी. ओठांवरचा होकार तिथेच अडला.

‘‘नाय झाला गे, आते,’’ तिच्या तोंडून निघून गेलं.

मालनला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला आतून हायसं वाटेल आणि त्याची जन्मभर लाज वाटेल. हायसं कुठलं! पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत तिच्या अंगातून संतापाचा लोट उठला.

‘‘जळला मेला तेंचा लक्षण!’’ तिच्या आवाजाने फणसावरचे कावळे उडाले. ‘‘आमच्या चेडवाक नाय म्हणणारे ते कोण मोठे लागान गेले? डोळे फुटले काय तेंचे?’’ आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं, हुंदक्यांनी, लहान मुलासारखं. पोरीचं हुकलं म्हणून. दुसऱ्या कशासाठीही नाही. तेव्हा तिचं तिला कळलं, दिवसभर आपण काय मागत होतो ते.

दुर्वा धावली. आतेच्या गळ्यात पडली.

‘‘झाला, आते! झाला गे! खोटा बोललंय मी. तुझा तोंड बघून माझ्यान सांगवला नाय.’’

मालनने तिला दूर केलं, डोळ्यांत पाहिलं, खरं आहे का ते निरखलं. मग पाठीत असा धपाटा घातला की दुर्वा कळवळली. दुसरा घालायला हात उचलेचना. तो तिथेच राहिला, त्या हडकुळ्या, उष्ण, हसण्यारडण्याने हिंदकळणाऱ्या पाठीवर. केशर विझलं, कुंकू विझलं, हळद विझली. अंगणात सावकाश, मऊ, मायाळू काळोख उतरला. दिवेलागणीची वेळ टळून गेली, आणि दिवा लावायला दोघींतली एकही उठली नाही.