एकेचाळीस नंबरचं प्रवाळ

भार्गवीच्या कानाचा पडदा जानेवारीत फाटला आणि डॉक्टरांनी वर्षभर समुद्रात उतरायचं नाही असं बजावलं. सहा वर्षं ती लक्षद्वीपच्या एका बेटाभोवतीचे दगडी प्रवाळ मोजत आली होती. निवडलेल्या साठ वसाहतींना नंबर दिलेले होते, आणि वर्षातून दोनदा पाण्याखाली जाऊन प्रत्येकीचे फोटो घ्यायचे. आता ते काम अभिराज एकटा करत होता. तो मालवणचा, वयाने तिच्याहून आठ वर्षांनी लहान. भार्गवी बंगळूरला जयनगरात, संस्थेने दिलेल्या संगणकासमोर, भाड्याच्या खोलीत.

त्या एप्रिलला बंगळूरही भाजून निघालं होतं. टँकर एक दिवसाआड यायचा. पण तिचा जीव अडकला होता तो समुद्राच्या तापमानाच्या नकाशात. बेटाभोवतीचा पट्टा पिवळ्याचा केशरी झाला, केशरीचा लाल झाला, आणि तीन आठवडे लालच राहिला. ती नकाशा बंद करायची, चार भांडी घासायची, परत येऊन उघडायची. खाली राहणाऱ्या घरमालकीण कस्तुराबाई मूळच्या निपाणीच्या. डोक्यावर सारखी चालणारी पावलं ऐकून त्या एकदा वर आल्या. "अगं, स्वल्प बस की एका जागी," म्हणाल्या, आणि ताकाचा तांब्या ठेवून गेल्या.

मे महिन्यात फोटो आले. फांद्यांसारखी वाढणारी प्रवाळं पांढरीफटक पडली होती. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला पोसणारं शैवाल निघून जातं, रंगही त्याच्याबरोबर जातो. तेवढ्याने प्रवाळ मरत नाही, उपाशी पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं. भार्गवीने सगळे फोटो पाहिले, पण ती शोधत होती एकेचाळीस नंबर. पुरुषभर उंच, दीडशे-दोनशे वर्षांचं गोलसर प्रवाळ. दोन हजार सोळाच्या उष्णतेतूनही ते वाचलं होतं. अभिराजने त्याच्यापुढे 'मृत' लिहिलं होतं.

तिला ते पटेना. फोटो मोठा करकरून पाहिला. माथ्यावर, मेल्या प्रवाळावर चढतो तो बाहेरच्या शैवालाचा हिरवट बुरा दिसत होता, पण सावलीकडची बाजू फोटोत आलीच नव्हती. तिने अभिराजला फोन करून पुन्हा बघायला सांगितलं. तो म्हणाला, वारा फिरलाय, मोठ्या लाटा यायला लागल्यात, नावाडी नाही म्हणतायत. दोन दिवसांत तिने पाच फोन केले. सहाव्यांदा तो नुसतंच "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निरोप नाही. फोन लागत नव्हता. भार्गवी चपला घालून रस्त्यावर आली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. चारच्या सुमारास अभिराजचाच फोन आला. लाटेने त्याला खडकावर आपटलं होतं. दंडाला अकरा टाके. नावाड्याने केसाला धरून वर ओढलं म्हणून वाचला.

ती माफी मागायला लागली, तसं त्याने थांबवलं.

"ताई, सावलीकडची बाजू मला दिसलीच नाही. तुला बरं वाटेल ते सांगू, की खरं सांगू?"

"खरं सांग."

"मग, माहीत नाही."

फोन ठेवल्यावर तिने नोंदींचा तक्ता उघडला. त्या मुलाला तिने कशासाठी पाण्यात ढकललं होतं? अहवालासाठी नाही. एक रकाना तिला सोसत नव्हता, म्हणून. तिने 'मृत' खोडलं आणि 'सांगता येत नाही' असं लिहिलं. वरिष्ठांनी विचारल्यावर अपघाताची हकीकत, स्वतःच्या फोनांसकट, लिहून दिली. खराब हवेत कोणालाही पाठवायचं नाही, हा नियम त्यानंतर लेखी झाला.

पावसाळाभर बोटी बंद होत्या. रकाना तसाच राहिला आणि तिला तो रोज बघत राहावं लागलं.

ऑक्टोबरमध्ये समुद्र शांत झाल्यावर अभिराजने आपणहून कळवलं की तो आणि रोशन नावाचा नवा पाणबुड्या असे दोघं जाणार आहेत. या वेळी तिने एकदाही फोन केला नाही. फोटो आले तेव्हा ती उभ्यानेच बघत होती. साठातल्या चौतीस वसाहती मेल्या होत्या. फांद्यांची प्रवाळं मोडून त्यांचा चुरा झाला होता. एकेचाळीसचा माथा गेला होता, त्यावर शैवालाची गादी. पण सावलीकडच्या बाजूला तळहाताएवढे सात-आठ तपकिरी ठिपके होते. जिवंत.

अभिराजने विचारलं, ते पुन्हा पहिल्यासारखं व्हायला किती वर्षं लागतील?

"वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं," ती म्हणाली. "उन्हाळे बरे गेले तर."

मग तिने तापमानाचा नकाशा उघडला. सगळा पट्टा निळा होता. मार्चला, पाणी पुन्हा तापायला, पाच महिने होते. तिने खोलीची खिडकी लावली, पुन्हा उघडली, आणि पुढच्या फेरीसाठी दोन माणसं व दोन बोटी मागणारं पत्र लिहायला बसली.