वळणावरची टकटक

संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. दूधवाला हसून बोलला, तर आज दुधात पाणी जास्त घातलं असणार, असं माझ्या मनात येतं. त्यामुळे आमच्या ह्यांचं काहीतरी बिनसलंय, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

ह्यांचं गॅरेज घराला लागूनच आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं दिसतं, उरलेलं मी चहा देण्याच्या निमित्ताने बघते. गाडी नुसती ऐकून तिचं दुखणं सांगणारा माणूस, अशी ह्यांची ख्याती. गिऱ्हाईक बॉनेट उघडायच्या आत हे सांगून मोकळे, की पट्टा ढिला झालाय. आणि अलीकडे हाच माणूस फोन वाजला की तो माझ्या धाकट्या दिरांच्या हातात देऊ लागला. भावजी ह्यांच्या हाताखालीच काम करतात. गाडी चालवून बघायला ट्रायलला जायचं तरी दोघं जोडीने, आणि मी चहा घेऊन गेले की बोलणं बंद. दोघे भाऊ कुजबुजतात आणि बायकोला बघून गप्प होतात, याचा अर्थ कुणीही लावेल. गॅरेज दिरांच्या नावावर होत होतं आणि मला पत्ता लागू द्यायचा नव्हता. गॅरेज गेलं तर आमच्याजवळ उरणार काय, या विचाराने माझी झोप उडाली.

त्यातच मास्तरीणबाईंची गाडी परत आली. बाई निवृत्त झाल्या, पण शिस्त काही निवृत्त झाली नाही. गाडी उजवीकडे वळवली की चाकाकडून टक-टक-टक यायचं, म्हणून ह्यांनी उजव्या अॅक्सलचा जॉइंट बदलून दिला होता. दुसऱ्याच दिवशी बाई दारात. आवाज होता तसाच. हे म्हणाले, येत नाही आता, तुम्हाला भास होतोय. बाईंनी गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं ह्यांच्याकडे बघितलं आणि गाडी ठेवून गेल्या. मी लाजेने अर्धी झाले. मनात म्हटलं, गॅरेज सोडायचंच ठरलंय, तर आता काम मन लावून कोण करणार.

त्या दिवशी भावजी तापाने झोपून होते. हे किल्ली हातात घेऊन नुसतेच उभे. मी हात पुसले आणि म्हटलं, मी येते ट्रायलला. नको म्हणायला ह्यांना कारण सापडेना.

मागच्या मोकळ्या मैदानात ह्यांनी काचा खाली केल्या, स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी हळूहळू गोल फिरवायला लागले. टक-टक-टक. माझ्या पायाखालून, अगदी लख्ख. मी ठरवून आले होते, चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. चोर रंगेहाथ पकडायचा तर आधी त्याला चोरी करू द्यावी लागते. हे काय बोलतात तेवढंच बघायचं होतं.

हे पुढे बघतच नव्हते. अख्खी फेरी ह्यांची नजर माझ्या तोंडावर. मग मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "बघ. गेला ना आवाज."

टकटक चालूच होती.

आधी मला संताप आला, इतकं धडधडीत खोटं! मग तो सुस्कारा मनाला लागला. खोटं बोलणारं माणूस मला दुरून ओळखू येतं, आणि ह्या चेहऱ्यात खोटं नव्हतं. आवाज खरंच गेला असं ह्यांना वाटत होतं. हे माझं तोंड वाचत होते. फोन, भावजी, कुजबूज, सगळ्याचा एकदम उलगडा झाला.

"अहो, येतोय आवाज," मी मोठ्याने म्हटलं. "माझ्या बाजूने. डावीकडून."

ह्यांनी गाडी थांबवली. मग तुटक तुटक सांगितलं. बारीक आवाज कानात शिरायचेच बंद झाले होते. माणूस समोर असला तर भागायचं, फोनवर नाही. लोकांना कळलं तर गॅरेजला टाळं लागेल, म्हणून फक्त भावाला सांगितलं होतं. आणि भाऊ तरी कसा? ह्यांना उजव्या जॉइंटवरचं रबर जरा चिरलेलं दिसलं, ह्यांनी विचारलं, उजवाच ना? भावजींनी मान डोलावली. मोठ्या भावाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, सोंग करताय."

म्हणालेच असते.

गाडी जॅकवर चढली. डाव्या जॉइंटवरचं रबर आतल्या घडीत फाटलं होतं, वरून बघून कळलंच नसतं. ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला थापलेलं, धूळ जाऊन आतल्या लोखंडी गोळ्या झिजलेल्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर यायचा आणि तो जॉइंट ओरडायचा. नवा बसवताना ह्यांचे हात कुठेही अडखळले नाहीत. मी बॅटरीचा उजेड धरून उभी होते. कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं, तर हे चक्क हो म्हणाले.

मग पुन्हा मैदान. उजवीकडे फेरी, डावीकडे फेरी. टायरखालच्या खडीशिवाय काही नाही.

"गेला," मी म्हटलं. हे बघत राहिले. "गेला हो, अगदी गेला."

ह्यांनी अजून एक फेरी मारली. मग अजून एक. नजर माझ्या चेहऱ्यावरून हलेना.

"मघाशी आवाज येत होता, तेव्हाही तू अशीच बसली होतीस," हे म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी बाई आल्या. स्वतः गाडी घेऊन चौकापर्यंत जाऊन वळून आल्या आणि काच खाली करून ह्यांना म्हणाल्या, "आता नाही येत."

ह्यांचे खांदे सैल झाले, चेहरा उजळला. सकाळी ज्या बाईंना भास होतो म्हणाले होते, त्यांच्या तीन शब्दांवर ह्यांचा लगेच विश्वास बसला. माझ्यावर बसला नव्हता.