कृष्णातची वाघीण

"घरात मांजर आहे काय?" डॉक्टरीणबाईंनी आधी कानडीत, मग मराठीत विचारलं.

"मांजर कुठलं, बाई?" तापानं फणफणलेला कृष्णात दवाखान्यातल्या खाटेवर हसला. "आमच्या निपाणीत उंदरंबी तंबाखूच्या ठसक्यानं मरत्यात."

तानीबाईनं तोंड उघडलं, तसा त्यानं चादरीखालून तिचा हात दाबला. धाकटा भाऊ, त्याच्या पोटात तिचीच किडनी. शरीरानं ती परकी मानू नये म्हणून तो रोज गोळ्या खायचा, आणि त्याच गोळ्यांनी अंगातली राखण झोपवली होती. मांजर जवळ करू नको, असं किडनी बसवली तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि वाघीण तर त्याच्या पोटावरच झोपायची. तो राखणदार होता त्या तंबाखूच्या वखारीतली ही शेपूटतुटकी मांजर. तिनं म्हणे एका ढाण्या उंदराला महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत पिटाळलं आणि पलीकडं आपलं कोण ऐकतंय म्हणून नाक्यावरनं परत फिरली! बायको गेल्यापासून असल्या थापा ऐकायला तीच एक होती. म्हणून तानीबाईही गप्प राहिली.

ताप यायच्या आधी वाघिणीनं मनगट ओरबाडलं, तेव्हा वखारीच्या रीतीनं त्यानं जखमेवर चिमूटभर तंबाखू दाबली होती. तानीबाईनं विचारलं, तर म्हणाला, "तार लागली गं, आक्का."

ताप हटेना. टीबीच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग अंगावर लालभडक फोड उठले. नख लागलं तरी रक्त. लघवी आटत चालली, तशी तानीबाई डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मांजर हाय, बाई. मी बोलले न्हाय."

त्या रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. "ओरखड्यातनं जंतू जातात. धडधाकट माणसाला गाठ येऊन बरं होतं. यांचं वेगळं. आधी कळलं असतं तर..."

औषध सुरू झालं. तानीबाईनं वाघिणीला पोत्यात घातलं, वाट विसरावी म्हणून पोतं गरागरा फिरवलं आणि सदलग्याच्या उसात नेऊन सोडलं.

"सोडलीस?"

"व्हय."

"येती बघ. हद्दीवरनं परत आल्याली हाय ती."

ही त्याची शेवटची थाप. तो गेला, तानीबाईचा एक तुकडा त्याच्याबरोबर जळला.

दिवस उरकून पाव्हणे पांगले, तेव्हा उंबऱ्यात वाघीण बसलेली. कान फाटलेला, अंगाला उसाचं पाचट.

तानीबाईनं काठी उचलली. थोडा वेळ धरली. मग कोपऱ्यात ठेवून वाटीत दूध ओतलं.

"ये," ती म्हणाली. "आता तुला भिण्यासारखं कोण ऱ्हायलं न्हाय घरात."