बाकड्याचं टेबल झालं तेव्हा

मित्रांनो, टोकावड्याहून माळशेजकडे निघालात की रस्त्याला लागून गोजरबाईची खानावळ दिसते. तिथे ज्या लांब टेबलावर कोपरं टेकून तुम्ही भाकरीची वाट बघता, तो मी. कोपरं काढू नका, राहू द्या. याहून पुष्कळ जड ओझी मी अंगावर वागवली आहेत. आगगाड्या, उदाहरणार्थ.

जन्माने मी टेबल नाही. शहापूरच्या जंगलातला मी साग. झाड असतानाचं मला फारसं आठवत नाही. उंचावर कुठेतरी सावकाश हलत होतो, एवढंच झोपेतल्यासारखं आठवतं. मग मला तासून चौकोनी केलं आणि कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी रुळांखाली आडवं टाकलं. अशा लाकडाला स्लीपर म्हणतात. दोन्ही रूळ त्याच्या अंगावर खिळलेले असतात, म्हणजे ते एकमेकांना सोडून जात नाहीत.

तिथे धुकं फार. गाडी यायची झाली की आधी खडी कुजबुजायची, मग रूळ गुणगुणायचे, मग मी. गाडीतल्या कुणाचंही तोंड मला कधी दिसलं नाही. माणसं मला फक्त वजनाने कळायची. लग्नाचं वऱ्हाड वेगळं, बाजारहाट करून परतणारे वेगळे, आणि नोकरी लागल्याचं पत्र खिशात ठेवून निघालेला माणूस तर अगदीच हलका. वजनावरून माणूस ओळखायची ही खोड मला तिथेच लागली.

नव्वद सालानंतर सिमेंटचे स्लीपर आले. आम्हा लाकडी मंडळींना उपटून रुळांच्या कडेला रचून ठेवलं. पुढे आमचा लिलाव झाला. धाकलूमामा तिथे गँगमन होता. रोज हातोडी घेऊन तो माझ्या अंगावरचे खिळे ठोकून बघायचा. त्याने गर्दीतून मला बरोबर निवडलं आणि टेम्पोत घालून टोकावड्याला आणलं.

"गोजर, हे घे," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "गिऱ्हाइकाला बसाला काय तरी पायजेल ना?"

गोजरबाईने तेव्हा नुकतीच खानावळ काढली होती. चार ओळी विटा, वर पत्रे, पुढे चूल. मला चार पाय लागले आणि मी बाकडं झालो.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! एसटीचे ड्रायव्हर, मास्तर, शेतकरी, म्हशी बघायला निघालेले दलाल, सगळे माझ्यावर बसले आणि मी सगळ्यांची मनात नोंद केली. माणूस तोंडाने काहीही सांगो, बसताना खरं सांगतो. राघो कंडक्टर नेहमी टोकावर अर्धा बसायचा, जणू गाडी त्याला टाकून निघून जाईल. घंटीची दोरी ह्याच्याच हातात, तरी! मास्तर मधोमध बसायचे आणि दोघांची जागा अडवून काटकसरीवर बोलायचे. बांधावरून भांडण झालेले दोन चुलतभाऊ एकदा माझ्या दोन टोकांना बसले. एक रागाने ताडकन उठला आणि दुसरा माझ्यासकट आडवा झाला. त्यानंतर ते शेजारी शेजारी बसू लागले. कोर्टाने जे केलं नसतं ते मी केलं, असं धाकलूमामा लोकांना सांगायचा.

"असं बाकडं मुरबाडच्या स्टँडवर पण नाय," लोक म्हणायचे, आणि मी अंगावरचं तेज दाखवायचो. ते तेज पॉलिशचं नव्हतं. लोकांच्या बसण्याने आलेलं होतं.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. लाल, हलक्या, एका हाताने उचलता येणाऱ्या. मला मागच्या अंगणात सरपणाच्या शेजारी टाकलं. एक शेळी माझ्यावर उभी राहून शेवग्याचा पाला ओढायची. मी तक्रार केली नाही. उन्हात पडल्या पडल्या मला डुलकी लागायची आणि अंगावरून गाड्या जायच्या. लांब, निळसर गाड्या, ज्यांना डबे होते पण वजन नव्हतं. जाग आली की शेळी.

त्याच सुमारास गोजरबाईचा मुलगा हरेश परदेशी गेला. तो आचारी होता. आधी लोणावळ्याला, मग इंग्लंडात. गोजरबाईला एकच मुलगा. त्याचा फोन आला की ती हात पुसून बोलायची, आणि फोन ठेवला की उगाच चुलीत लाकूड सारायची.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात हरेश परत आला. मागच्या अंगणात येऊन त्याने शेळीला हाकललं आणि माझ्यावर बसला. शेजारी खुर्ची घेऊन धाकलूमामा. गोजरबाई दारात उभी.

"मामा, यॉर्क नावाचं शहर हाय," हरेश सांगू लागला. "भोवती दगडी कोट. कोटावरून लोक फिराला जातात. खाली नदी. आणि कोटाच्या आत एकेक अशी हॉटेलं, की नुसतं बघाला जावं."

"आन् खाला नाय?" मामा म्हणाला.

"खाला पण! एक हाय जुन्या गिरणीत. चाक फिरतंय नि आपण जेवतोय. एक बाई चालवते, तिथं रोज सकाळी फळ्यावर खडूने लिवतात, आज शेतातून काय आलं ते. जे आलं तेच करणार. मी होतो तिथं तर टेबलं कशाची, सांग? जुन्या रेल्वेच्या स्लीपरची! लोक हात फिरवून बघतात."

मी कान टवकारले. म्हणजे स्लीपरला जे काही टवकारता येतं ते. यॉर्कचं नाव काढलं की अजूनही मला तसंच दिसतं: धुक्यात एक कोट, खाली न हलणारी नदी, खिडक्यांत पिवळा उजेड, आणि प्रत्येक खिडकीत माझा एकेक भाऊबंद अंगावर पांढरी ताटं घेऊन गप्प उभा. रूळ गेले, गाड्या गेल्या, तरी कुणीतरी त्यांच्यावरून हात फिरवतंय.

"तसंच हिकडं कराचं," हरेश म्हणाला. "आपल्याच रानातली करांदी, आपल्याच ओढ्याच्या चिंबोऱ्या, पण तिकडच्या रीतीनं. आई, चाललं तर मी राहतो. नाय चाललं तर दिवाळीला परत. मालकानं जागा ठेवलीय."

गोजरबाईने आत जाऊन चुलीत लाकूड सारलं. चुलीवर काही नव्हतं.

मला मुरबाडच्या वखारीत नेलं. आऱ्यावर माझ्या तीन फळ्या झाल्या. त्या शेजारी शेजारी जोडल्या आणि खाली उंच पाय लागले. दुखलं का? दुखलं. पण यॉर्क डोळ्यांपुढे होतं. खानावळीला लागून नवी खोली उभी राहिली, तिच्यात मला ठेवलं, भिंतीवर काळा फळा टांगला. वाडीवरची सोमी जंगलातून जे रानमेवा-कंद विकायला आणायची ते त्याच्यावर हरेश खडूने लिहायचा. करांद्यांच्या कंदांचा लोणी घालून केलेला लगदा. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सार. मटणाचा रस्सा मातीच्या वाडग्यात, आणि वर तांदळाच्या पिठाचं भाजलेलं झाकण.

"झाकण पण खायाचं?" धाकलूमामाने विचारलं.

"झाकणच तर खरं, मामा."

पावसाळ्यात माळशेजला धबधबे बघायला कल्याण-मुंबईची माणसं यायची. ती माझ्यावर खुशाल जेवली, माझे फोटो काढले, खिळ्यांच्या भोकांत बोटं घातली. हरेश खूष होता. पण ती पाहुणे मंडळी. पाऊस सरला, ढग वर गेले आणि ती नाहीशी झाली. रस्त्यावर उरले ते आपले लोक. आणि आपल्यातलं एकही माणूस माझ्यावर जेवायला तयार नव्हतं.

कारण साधं होतं. ते सगळे माझ्यावर बसले होते.

"बसाची जागा ती," राघो म्हणाला. "दहा वर्सं बूड टेकलंय आमी तिच्यावर. त्याच्यावर अन्न ठेवाचं?"

"काका, बसाची बाजू खाली फिरवलीय," हरेशने समजावलं. "वर आलंय ते आतलं लाकूड हाय. कोरं."

"खाली केली म्हंजी गेली का रे?"

इंग्लंडातल्या लोकांना स्लीपर माहीत होता, पण त्याच्यावर त्यांच्यातलं कुणी बसलेलं नव्हतं. हरेशने यॉर्कहून सगळं आणलं आणि हे एवढंच विसरला, की टोकावड्यात लाकडालासुद्धा सगळे ओळखतात.

लोक यायचे, नाही असं नाही. बाहेर लाल खुर्च्यांवर बसून, मांडीवर ताटली धरून गोजरबाईच्या हातची भाकरी खायचे. दारातून माझ्याकडे बघायचे, हरेशची ख्यालीखुशाली विचारायचे आणि निघून जायचे. खोलीत मी एकटा. फळ्यावर एकाच दिवसाचा बेत पुष्कळ दिवस लिहिलेला राहिला.

दसरा गेला. एका सकाळी हरेशने बॅग काढून झटकली. गोजरबाईने पाहिलं. "थंडी असंल तिकडं," एवढंच म्हणाली, आणि त्याचा स्वेटर उन्हात टाकला.

त्याच दुपारी त्याने शेवटचं म्हणून सगळं रांधलं. करांदी, सार, झाकणाचं मटण. एकच ताट वाढलं आणि माझ्यावर आणून ठेवलं. कुणासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. बाहेर राघो, धाकलूमामा आणि आणखी दोघं-चौघं खुर्च्यांवर जेवत होते.

गोजरबाई चुलीपाशी होती. तिने तवा उतरवला. हात धुतले, पदराला पुसले. खोलीत आली, खुर्ची ओढली आणि त्या ताटासमोर बसली.

"आई?" हरेश म्हणाला.

"गोजर, काय करतेस गो!" बाहेरून धाकलूमामा ओरडला. "त्याच्यावर आमी सगले बसलोय!"

"तुमी बसलाय, दादा," ती म्हणाली. "मी कवा बसले?"

मित्रांनो, बाहेरची चावण्याची हालचाल थांबली. जो तो आठवू लागला. मीही आठवू लागलो. मी तर माणसांचा पक्का नोंदणारा. राघोचं अर्धं वजन, मास्तरांचं दुप्पट, दलालांचं चुळबुळतं, चुलतभावांचं रागीट, सगळी वजनं मी एकेक करून उलटून पाहिली. गोजरबाईचं वजन त्यांत नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्यापुढून सतत गेली-आली होती, आणि एकदाही टेकली नव्हती. सगळे उठून गेल्यावर चुलीपुढे, मातीत, उकिडवी बसून जेवायची. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. जे वजन पडत नाही ते मला कळत नाही. माझ्या शहाणपणाची लांबी एवढीच.

"मला हे टेबलच हाय," ती म्हणाली. "जेवते बाबा. निवतंय."

तिची दोन कोपरं माझ्यावर टेकली. आगगाड्या अंगावरून गेल्या तेव्हा मी इतका स्थिर राहिलो नव्हतो.

तिने झाकणाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला.

"झाकण कडक झालंय," ती म्हणाली. "पिठाला उकड काढून घ्याची. तुमच्या यॉर्कात ठावं नसंल." मग दुसरा तुकडा मोडला. "मटण चांगलं हाय. आणखी वाढ."

यॉर्कमध्ये दुसऱ्यांदा वाढत नाहीत. ताट भरून आलं की तेवढंच. हरेशने एकदा आईकडे बघितलं, आणि आत धावत जाऊन सगळं पातेलंच उचलून आणलं.

धाकलूमामा दारात आला. मग मोरीवर गेला, हात धुतले, चूळ भरली आणि बहिणीच्या समोरची खुर्ची ओढली. बसताना माझ्यावर हात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"मला पण झाकण दे रे," तो म्हणाला. "कडकच चालंल. दात हायत अजून."

राघो मात्र त्या दिवशी आला नाही. गाडीची वेळ झाली म्हणाला. तो आला चार दिवसांनी, आणि खुर्चीच्या टोकावर अर्धाच बसला. पण बसला.

त्या दिवाळीला हरेश गेला नाही. झाकणाला आता उकड काढतो. आईला हाक मारतो, "आई, बस आधी," आणि ती म्हणते, "हे एवढं करते न् आले," आणि तो हातातलं काम ठेवून तिला बसवतो. रोज हेच भांडण. मला त्याचा कंटाळा येत नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाला पुसा, तेल लावा, जपा, असं मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. लावलंत तेल तर बरंच वाटेल. पण मागणं माझं दुसरंच आहे. आज घरी जेवायला बसलात की पहिला घास उचलण्याआधी जरा मान वर करा. कोण अजून उभं आहे ते बघा. त्यांना बसवा, आणि तुम्ही उठून वाढा.