आत्याचा राग अन् अंगातली सूज

म्हाळसाआत्या म्हंजे आमच्या मंठाळ गावची तोफ. सत्तरी ओलांडली तरी रोज मेंढरांमागं चालत लोकर कातायची, अन् वाटंत जो भेटंल त्याला हाणायची. तोंडानं. मागल्या साली तिची बोटं सुजली. रक्त तपासलं, तर आतूनबी सूज हाय म्हणले. तिचा पोरगा सुनीलकुमार पुण्याहून पळत आला. "आईच्या रागानंच सूज वाढायलीय," म्हणून महिनाभर तिला गोळ्या देऊन खाटंवर बसवलं. मेंढरं शेजारच्या वीरण्णाकडं दिली सांभाळायला. आता तिला पुण्याला नेणार होता.

जायच्या आधी बिदरला दाखवायचं ठरलं. मला संग घेतलं. मी भाचा. आत्याला गाडीत कोंबायला दुसरं कोण धजंल?

डॉक्टरीणबाई तरणीताठी. म्हाताऱ्यांचा स्वभाव अन् सूज, ह्यावर तिचा अभ्यास चाललेला, त्याचा कागद भरून घ्यायली होती.

"आजी, राग येतो का?"

"लई!" सुनीलच बोलला.

"लोकांत मिसळता?"

"मिसळते कुठं, भांडते."

"रोजची कामं करता?"

"मी करू देत न्हाई."

आत्या नुस्ती सुजलेली बोटं चोळायली. तोफ अशी थंड पडलेली मला बघवंना. म्हणून काडी टाकली, "बाई, राग बघायचाय का? आत्या, सुनीलनं तुझी मेंढरं इकली गं!"

थाप होती. पण सुनीलचं तोंड उतरलं. "पप्पूदादा, तुला कुणी सांगितलं? वीरण्णा तर रविवारी पैसे देणारय..."

माझी थाप खरीच निघाली!

आत्या उठली. "कामून इकलास रे मुडद्या? माझा जीव इकून माझी सूज उतरवायलास?"

बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. डॉक्टरीणबाईनं रक्ताचे दोन रिपोर्ट, मागला अन् आज सकाळचा, शेजारी ठिवले. "बसवल्यापासून सूज वाढलीय. एका माणसावरून काही सांगता येत नाही. पण सारखी काळजी करणाऱ्यांत ती जास्त दिसते, नेमानं काम करणाऱ्यांत कमी. गोळ्या चालू ठेवा. यांचा नेम कशाला मोडलात?"

"पण राग?"

"राग त्यांचा त्यांना राहू द्या."

आत्यानं गोळ्या कमरेला खोचल्या. "गोळ्या खाईन. मेंढरं माझी हायत. वीरण्णाला मीच सांगते."

"आई, पुण्याची दोन तिकिटं काढलीत!"

"मग दोन्ही जाग्यावर आडवा हो अन् जा."

ती बसस्टँडकडं निघालीबी. वळून माझ्यावर खेकसली, "तू दात काय काढायलास? चल!"